अंगदुखी, हस्तोपचार आणि ऑस्टिओपॅथी : एक अभ्यास

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यावा. पाऊल मुरगळले की गावच्या हाडवैद्याकडे जाऊन शीर ‘बसवून’ घ्यावी. बाळंतिणीला तेल लावून शेक द्यावा. आणि केस कापून झाले की कारागिराने मान दोन्ही अंगांना वळवून कडकन वाजवून द्यावी. दुखऱ्या अंगाला माणसाचा हात लागला की बरे वाटते, हा अनुभव महाराष्ट्रात घरोघरी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही अभ्यंगाचे गुण वर्णिलेले आहेत. त्यामुळे आमच्या फिजिओथेरपी विभागात आलेल्या रुग्णास हातांनी उपचार करणार असल्याचे सांगितले तर त्याला नवल वाटत नाही. नवल वाटते ते उपचारानंतर आम्ही जे सांगतो त्याचे : ‘तुमचा मणका सरकलेला नव्हता, आणि आम्ही तो जागेवर बसवलेलाही नाही.’

हे ऐकून काही रुग्ण नाराज होतात. दुखणे तर निम्म्याने उतरलेले असते. मग हाड बसले नाही असे डॉक्टर का म्हणतात? प्रस्तुत लेख या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आहे. हा केवळ शब्दांचा वाद असता तर अहवालाची पाने आम्ही त्यासाठी खर्ची घातली नसती. परंतु आपला कणा वारंवार सरकतो अशी एकदा समजूत झालेला माणूस वाकण्यास भितो, पट्टा बांधून वावरतो, अंगमेहनत सोडतो आणि दर महिना-पंधरा दिवसांनी ‘बसवून घेण्यासाठी’ कोणाच्या तरी दारात जातो. त्याचे दुखणे त्याच्या पाठीपेक्षा त्या समजुतीत अधिक मुक्काम करते.

ऑस्टिओपॅथीचा उगम

हस्तोपचारांना शास्त्राचे रूप देण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८-१९१७) हे तेथील सरहद्दीवरच्या प्रांतांत वैद्यकी करीत असत. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्यांची तीन मुले दगावली. त्या काळातील वैद्यक म्हणजे पाऱ्याची औषधे, जुलाब आणि रक्त काढणे. मुलांवर त्यांतील कशाचाच उपयोग झाला नाही. स्टिल यांचा प्रचलित औषधोपचारांवरील विश्वास उडाला. २२ जून १८७४ हा दिवस ते आपल्या नव्या विचाराचा जन्मदिवस मानीत. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्यांनी ऑस्टिओपॅथीचे पहिले विद्यालय काढले. शरीराची रचना आणि त्याचे कार्य यांचा अतूट संबंध आहे, हाडांच्या मांडणीत बिघाड झाला की रक्ताभिसरणास अडथळा येतो आणि त्यातून रोग होतात, म्हणून मांडणी हातांनी दुरुस्त करावी, असा त्यांचा सिद्धान्त होता.

स्टिल यांचा आपल्या काळातील वैद्यकावरचा राग रास्त होता, असे आमचे मत आहे. पारा आणि जळवा नाकारणारा माणूस त्या काळात रुग्णांचे हितच करीत होता. मात्र सर्व रोगांचे मूळ हाडांच्या मांडणीत शोधणे टिकले नाही आणि टिकण्यासारखेही नव्हते. पुढे ऑस्टिओपॅथीच्या दोन वाटा झाल्या. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेला डॉक्टर आज इतर डॉक्टरांप्रमाणेच औषधे देतो, शस्त्रक्रिया करतो. हातांनी उपचार करणारे त्यांत थोडेच राहिले आहेत. ब्रिटनमध्ये मात्र ऑस्टिओपॅथी हा मुख्यतः हातांनीच उपचार करणारा स्वतंत्र व्यवसाय असून १९९३ च्या कायद्याने त्याचे नियमन होते. १८९५ मध्ये डॅनियल पामर यांनी अमेरिकेतच आरंभलेले कायरोप्रॅक्टिक हे याचेच जवळचे भावंड. भर मणक्यांवर अधिक.

इंग्लंडमध्ये त्याही आधीपासून हाडवैद्यांची परंपरा होती. १८६७ मध्ये सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यविशारदांनी हाडवैद्य बरे करीत असलेल्या रुग्णांविषयी व्याख्यान दिले. हाडवैद्यांमुळे होणारी हानी त्यांना दिसत होती, तरीही त्यांच्याकडील चांगले ते शिकून घ्यावे आणि अनिष्ट ते टाळावे, असा सल्ला त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंना दिला. तो अमलात येण्यास बराच काळ लागला. विसाव्या शतकात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील जेम्स सिरिअ‍ॅक्स, नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबॉर्न, ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलँड आणि न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी यांनी सांधे व मणके हातांनी तपासण्याची व हलवण्याची पद्धतशीर मांडणी केली, आणि हे तंत्र फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात आले. आपल्याकडे रुग्णाला भेटणारा प्रशिक्षित हस्तोपचारक बहुतेक वेळा फिजिओथेरपिस्टच असतो, तो याच वाटेने.

हात नेमके काय करतात

हस्तोपचार हा एकच उपचार नाही. स्नायू व त्यांवरील आवरणे दाबून, चोळून, ताणून सैल करणे हा त्याचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे सांधा हलकेच, पुन्हापुन्हा, तालबद्ध हलवणे. मेटलँड यांनी याच्या चार पायऱ्या सांगितल्या : पहिलीत सांध्याच्या हालचालीच्या आरंभी अगदी लहान झुलवणी, दुसरीत अडथळ्याच्या अलीकडेच राहून मोठी, तिसरीत अडथळ्यापर्यंत जाणारी मोठी आणि चौथीत अडथळ्याच्या सीमेवरच लहान. दुखणे तीव्र असेल तेव्हा पहिल्या दोन, आखडलेपणा अधिक असेल तेव्हा पुढच्या दोन, असा ढोबळ नियम. तिसरा भाग म्हणजे क्षणात दिलेला छोटा, वेगवान झटका. त्यात पुष्कळदा ‘कट्’ असा आवाज होतो, आणि उपचाराची सगळी कीर्ती या आवाजाला मिळते.

हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन दूर झाले की त्या द्रवात वायूची पोकळी निर्माण होते आणि आवाज येतो. बोटे मोडताना होतो तोच हा प्रकार. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बोट मोडत असतानाचेच एमआरआय चित्रण करून ही पोकळी प्रत्यक्ष दाखवली. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटे पुन्हा वाजत नाही, याचेही कारण हेच.

हाडांच्या जागेबद्दलही थेट पुरावा आहे. कंबरेच्या तळाशी असलेले त्रिकास्थी आणि त्याच्या दोन्ही बाजूंची कटिअस्थी यांमधील सांधा ‘सरकला’ असे निदान असलेल्या दहा रुग्णांची, झटका देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर, अतिसूक्ष्म मोजमाप करणाऱ्या क्ष-किरण पद्धतीने तपासणी झाली. १९९८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हातांनी केलेल्या चाचण्या उपचारानंतर सुधारल्यासारख्या दिसल्या, मात्र एकाही रुग्णात हाडांची परस्परांतील जागा बदललेली नव्हती. आमच्या मते हस्तोपचारांच्या अभ्यासकाने हा छोटासा अभ्यास विसरू नये. बोटांना जे जाणवते ते खरे असते, पण त्याचा आपण लावलेला अर्थ चुकू शकतो.

मग बरे का वाटते? मूल गुडघ्यावर पडले की आई पहिल्याने त्या जागी हात चोळते. स्पर्श आणि दाब यांचे संदेश वाहणारे तंतू वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूच्या दाराशीच काही अंशी रोखतात, असा ‘वेदनाद्वार’ सिद्धान्त रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. त्याच्या तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या. वेदना ही मज्जारज्जू व मेंदू यांत कमी-अधिक केली जाते, ही त्यातील मुख्य गोष्ट मात्र टिकली. हस्तोपचाराने याच यंत्रणेवर परिणाम होतो. दुखऱ्या भागाभोवती आवळून धरलेले स्नायू सैलावतात. हालचाल करून पाहिली आणि काही मोडले नाही, हा अनुभव भीती कमी करतो. शिवाय कोणीतरी वेळ देऊन, काळजीपूर्वक तपासले याचाही परिणाम होतो; तो खोटा मानण्याचे कारण नाही.

हा आराम बहुधा काही तासांचा वा काही दिवसांचा असतो. उपचाराचे खरे काम तेवढ्या सवडीत करून घ्यायचे असते. काल खाली वाकता येत नव्हते, आज निम्मे वाकता येते, तर आजच वाकण्याचा व्यायाम सुरू करावयाचा. ती सवड पलंगावर पडून घालवली तर चार दिवसांनी रुग्ण पुन्हा पहिल्याच ठिकाणी येतो आणि ‘पुन्हा सरकले’ असे म्हणतो.

खांद्याचे उदाहरण

कंबरेपेक्षा खांद्याच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. मधुमेह्यांमध्ये अधिक आढळणारा ‘फ्रोझन शोल्डर’ हा विकार आमच्याकडे नित्याचा आहे. अंबाडा घालता येत नाही, सदऱ्याच्या बाहीत हात जात नाही, बसमधील दांडी धरता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सांध्याभोवतीची पिशवी सुजते आणि पुढे आकसते. पहिल्या काही महिन्यांत दुखणे जोरात असते. त्या काळात घरच्या मंडळींनी किंवा कोणा जाणकाराने हात जोराने वर ओढणे म्हणजे आगीत तेल. तेव्हा फक्त हलकी झुलवणी, शेक आणि आवश्यक ती औषधे, प्रसंगी सांध्यात इंजेक्शन. दुखणे ओसरून आखडलेपणा उरला की मग हाताचा जोर क्रमाने वाढवायचा, आणि प्रत्येक वेळी जेवढी हालचाल मिळाली तेवढी रुग्णाने घरी दिवसातून अनेकदा वापरायची : भिंतीवर बोटांनी चढणे, पाठीमागे टॉवेल धरून ओढणे. हा विकार काही महिने, कधी दोन-तीन वर्षेही रेंगाळतो. आठ दिवसांत खांदा मोकळा करून देतो असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. तोच हात, तोच दाब. एका टप्प्यात तो उपचार ठरतो आणि दुसऱ्या टप्प्यात इजा.

पुरावा किती आहे

जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२० मध्ये जगातील ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. एवढ्या मोठ्या दुखण्यावर हस्तोपचारांचा प्रभाव किती, याचे प्रामाणिक उत्तर ‘मध्यम ते अल्प’ असे आहे. ब्रिटनमध्ये १,३३४ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हस्तोपचार व त्यानंतर व्यायाम यांचा तीन महिन्यांअखेर मध्यम आणि वर्षाअखेर अल्प लाभ दिसला. २०२१ मध्ये फ्रान्समधील ४०० रुग्णांवरील अभ्यासात ऑस्टिओपॅथीचे उपचार आणि हुबेहूब तसाच भासणारा लटका उपचार यांची तुलना झाली. फरक आढळला, पण रुग्णाच्या दैनंदिन जीवनात जाणवावा इतका तो बहुधा नव्हता. वेदनाशामक गोळ्यांचे किंवा शस्त्रक्रियेचे आकडेही दीर्घकालीन कंबरदुखीत फार उजळ नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे.

म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये हस्तोपचार व्यायामासहितच द्यावेत, एकटे देऊ नयेत, असे मार्गदर्शन केले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये विशिष्ट कारण नसलेल्या दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मर्दन व मणक्यांचे हस्तोपचार यांना सशर्त शिफारस मिळाली. कंबरपट्टे, वजन लावून ताण देणे, अल्ट्रासाऊंडचा शेक आणि विजेच्या सौम्य झटक्यांचे यंत्र यांचा नित्य वापर करू नये असे सांगण्यात आले.

या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या हितचिंतकांशी थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. तीस मिनिटांच्या तपासणीवर ते कोरता येत नाही. एक यंत्र दिवसभरात वीस रुग्णांना लावता येते आणि रुग्णालाही काहीतरी ‘लावले’ याचे समाधान मिळते. हातांनी उपचार करणारा, व्यायाम शिकवणारा आणि तो नीट होतो की नाही हे पाहणारा माणूस त्याच वेळात मोजक्याच रुग्णांना न्याय देऊ शकतो. धर्मादाय रुग्णालयाच्या दृष्टीने हा महाग उपचार आहे, आणि तरीही कंबरदुखीच्या रुग्णासाठी आम्ही नव्या यंत्रापेक्षा आणखी एका प्रशिक्षित माणसाचीच मागणी करू.

हात लावण्यापूर्वी

आतापर्यंतचे सर्व विवेचन साध्या, यांत्रिक स्वरूपाच्या दुखण्याविषयी होते. पाठदुखीच्या शंभर रुग्णांपैकी बहुसंख्य याच गटातील असतात. उरलेल्या थोड्यांसाठी मात्र हात लावण्यापूर्वीची दहा मिनिटे फार मोलाची असतात.

आपल्या देशात पहिला संशय मणक्याच्या क्षयाचा घ्यावा लागतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयात कण्याचा वाटा सर्वांत मोठा, जवळपास निम्मा असतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये या विकाराने येणाऱ्या पायांच्या लुळेपणाचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘पॉटचा विकार’ असेही म्हणतात. सुरुवात अगदी साध्या पाठदुखीसारखी होते. खोकला असतोच असे नाही. संध्याकाळची कणकण, भूक मंदावणे, वजन उतरणे, रात्री झोपेतून जागे करणारी आणि विश्रांतीने न शमणारी वेदना, पाठीच्या मध्यरेषेवर एखाद्या मणक्यावर टिचकी मारताच होणारी तीव्र कळ, ही लक्षणे विचारल्याशिवाय रुग्ण सांगत नाही. अशा किडलेल्या मणक्यावर कोणी गुडघा रोवून झटका दिला, तर तो ढासळून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. वेळीच निदान झाले तर हाच रुग्ण औषधांनी बरा होऊन आपल्या पायांनी चालत राहतो. मणका ‘बसवून’ घेण्यात दोन-तीन महिने गेले तर कदाचित नाही.

कर्करोगाचा पूर्वेतिहास, दीर्घकाळ स्टेरॉइडचा वापर, पाळी गेल्यानंतरची हाडांची ठिसूळता, पडल्यानंतर लगेच सुरू झालेली पाठदुखी, या प्रत्येक बाबतीत तपासण्या आधी, हात नंतर. पायातील जोर कमी होत जाणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसण्याच्या जागी बधिरता येणे, ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी शल्यविशारदाकडे जावे. येथे तासांचा हिशेब असतो. संधिवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड) रुग्णांच्या मानेतील वरच्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात. त्यांच्या मानेला झटका देऊ नये.

मानेविषयी एक स्वतंत्र सूचना. मेंदूच्या मागील भागाला रक्त पोचवणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. मान झटक्याने वळवल्यानंतर या रोहिणीचे आतील अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. अशा घटना क्वचितच घडतात. शिवाय अस्तर आधीच फाटलेले असते, त्यामुळेच मान दुखू लागते आणि म्हणूनच रुग्ण उपचारास जातो, असाही संभव असल्याने कार्यकारणाचा निवाडा अवघड आहे. परंतु ऑस्ट्रेलियात १८२ रुग्णांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्या मानदुखीसाठी झटका आणि हलकी झुलवणी यांत बरे होण्याच्या वेगात फरक आढळला नाही. लाभ सारखा असेल तर धोका का पत्करावा? आमच्या विभागात मानेला झटका दिला जात नाही. केस कापताना सवयीने मान वाजवून देणाऱ्या कारागिरालाही ‘तेवढे राहू द्या’ असे सांगण्यात संकोच बाळगू नये.

अहवालातील शब्द

बहुसंख्य रुग्ण हातात एमआरआयचे पाकीट घेऊनच येतात आणि अहवालातील शब्द त्यांना पाठ झालेले असतात : गादी सरकली, गादी झिजली, नस दबली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात, पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या कण्याच्या चित्रणांचा आढावा घेण्यात आला. विशीतील ३७ टक्के लोकांत गादीची झीज होती. ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत. गादीचा फुगवटा विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के. यांपैकी कोणालाही दुखत नव्हते. केस पिकावेत तसे हे बदल वयाबरोबर होत राहतात. पायात जाणारी कळ, बधिरता किंवा अशक्तपणा आणि चित्रातील दोष यांचा मेळ बसला तरच त्या दोषाला महत्त्व द्यावयाचे. असा मेळ बसलेली सायटिकाही पुष्कळ रुग्णांत काही आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय उतरते. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेऊ शकते. हाताने तो कोणी आत ढकलत नाही.

ऊसतोड करणाऱ्या, भातलावणीला जाणाऱ्या, डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या माणसाला ‘यापुढे वाकू नका, वजन उचलू नका’ असा सल्ला देणे सोपे असते, पण त्या सल्ल्याने त्याची चूल बंद पडते. त्याला आठ-पंधरा दिवस काम बेताने करण्यास सांगून, हातांनी दुखणे थोडे उतरवून, कंबर व मांड्या बळकट करणारे तीन-चारच व्यायाम शिकवून पुन्हा कामावर पाठवणे, हे आम्ही उपचाराचे उद्दिष्ट मानतो.

आमच्या विभागातील रीत अशी. पहिल्या भेटीत निम्मा वेळ प्रश्नांत जातो. रुग्णाने त्याला कंटाळू नये. जुने अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि मधुमेह असल्यास साखरेची अलीकडील नोंद बरोबर आणावी. हस्तोपचार साधारणपणे चार ते सहा वेळा दिले जातात. तिसऱ्या भेटीपर्यंत काहीच फरक न जाणवल्यास तेच पुढे चालू न ठेवता पुन्हा तपासणी केली जाते. बाहेर अन्यत्र उपचार घ्यावयाचे असल्यास उपचारकाचे शिक्षण कोठे झाले आणि तो फिजिओथेरपिस्ट असल्यास त्याची नोंदणी आहे काय, हे विचारण्यात अनमान करू नये. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी २००२ चा स्वतंत्र कायदा झाला आणि केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला आहे. आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : ‘घरी मी काय करायचे?’ या प्रश्नाला ‘काही नको, फक्त आठवड्याने परत या’ असे उत्तर मिळाल्यास दुसरीकडे विचारपूस करावी.